उणा वाटा

जोतीराम भित्रा होता. हे मी त्याच्या माघारी बोलत नाही; तोंडावर शंभरदा बोललोय आणि त्यानं दर वेळी मान डोलावलीय. कोल्हापुरात भित्रं असणं सोपं नाही. इथं दाढ दुखते म्हणायचीही चोरी, लगेच कुणीतरी विचारतं, "गडी हाईस न्हवं?" अशा गावात हा माणूस उघडउघड घाबरायचा. वडील पैलवान, पिराजी तालमीतले. त्यांनी पोराला मातीत उतरवलं, तर समोरच्यानं शड्डू ठोकताच हा लंगोटावर पळत घरी आला. रंकाळ्याच्या काठावर जन्म गेला, पण पाण्यात घोट्याच्या वर कधी उतरला नाही. लग्नात घोड्यावर बसायचं ऐकून त्याला ताप भरला, आणि नवरदेवाची वरात पायी निघाली. ती बघितलेली माणसं अजून हसतात. मीही हसतो. मी त्या वरातीत नाचत होतो.

आम्ही दोघं कागलच्या औद्योगिक वसाहतीत एकाच कारखान्यात. मी अंबादास, स्टोअरला. तो इन्स्पेक्शनला. लहान मालवाहू टेम्पोच्या ब्रेकला जे सिलिंडर लागतं, ते आम्ही बनवतो. ओतलेला माल बाहेरून येतो, आमच्याकडं त्याला आतून भोक पाडून गुळगुळीत करतात. त्या भोकाला बोअर म्हणायचं आणि एकेका नगाला जॉब. बोअर केसाच्या जाडीच्या बारीकशा हिश्श्यानं जरी मोठा झाला, तरी आतलं रबर नीट बसत नाही, तेल झिरपतं, आणि कधीतरी ड्रायव्हर पाय दाबतो तेव्हा गाडी थांबत नाही. म्हणून प्रत्येक जॉबच्या पोटात गेज घालून डायलवरचा काटा वाचायचा आणि पास की नापास ते ठरवायचं. हे काम जोतीराम वीसेक वर्षं करत होता. शंका आली की पुन्हा मोजायचा, आणि शंका त्याला जन्मजात. आमचे मालक राजवीरदादा म्हणायचे, "इन्स्पेक्शनला वाघ नको, ससा पायजे." त्याला ते कौतुक वाटायचं, आणि होतंच ते कौतुक.

गेल्या दिवाळीनंतर त्यानं स्वतःची मोटरसायकल घरी लावून ठेवली आणि माझ्या मागं बसून यायला लागला. पेट्रोल वाचवतोय, असं मला वाटलं. मग एकदा उजळाईवाडीच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो असताना माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अंबादास, डायलवरच्या रेघा वाकड्या दिसत्यात रे. मधोमध सुरकुती पडल्यागत."

"चष्म्याचा नंबर वाढला असंल," मी म्हणालो, आणि शनिवारी त्याला राजारामपुरीत डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. साखरेमुळं पडद्याला सूज आलीय, म्हणाला. उजव्यात जास्त, डाव्यात कमी. डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, दर महिन्याला एक, काही महिने. वेळेत घेतलं तर सूज उतरेल, उशीर केला तर नजरेच्या मधोमध कायमचा डाग.

"डोळ्याच्या वर द्यायचं न्हवं?" जोतीरामानं विचारलं.

"डोळ्यात, काका. पण आधी बधिर करतो, कळत पण नाही."

मी पैसे किती ते विचारायला वळलो, तेवढ्यात खुर्ची रिकामी. खाली रस्त्यावर गाठलं तेव्हा त्याच्या पायात कुणातरी बाईच्या चपला होत्या. मला हसू आवरेना. तो मात्र पांढराफटक पडला होता. रिक्षाच्या दांडीला धरून म्हणाला, "कुनाला सांगू नगंस. नोकरी जाईल. आनि सुई मी घेणार न्हाय." मी शिव्या दिल्या, समजावलं, पुन्हा शिव्या दिल्या. नोकरीची भीती, डोळ्याची भीती आणि सुईची भीती, तिन्ही एकदम त्याच्या मानगुटीवर बसल्या होत्या आणि त्यातली सुई सगळ्यात जड होती.

तशातच ज्या गाडीकंपनीला आमचा माल जातो तिची तक्रार आली. तुमच्याकडं पास झालेले काही जॉब आमच्याकडं मोठे भरतात. तुमच्या मोजण्यावर भरवसा ठेवावा का, ते आकड्यांनी सिद्ध करा. त्यासाठी राजवीरदादांनी नुकत्याच नोकरीला घेतलेल्या मुलीला कामाला लावलं. प्रियदर्शनी तिचं नाव. कबनूरची, घरी यंत्रमाग, विद्यापीठातून संख्याशास्त्र शिकून आलेली. सगळे तिला मॅडम म्हणायचे आणि ती सगळ्यांना काका.

तिनं आम्हाला बसवून सांगितलं ते मला आवडलं, म्हणून लक्षात आहे. एकाच मापाचे म्हणून केलेले जॉब मोजले की आकडे वेगवेगळे येतात. तो सगळा फरक म्हणजे एका घरची इस्टेट समजा. तिची वाटणी करायची. काही वाटा जॉबचा, कारण जॉब खरोखरच थोडे लहानमोठे असतात. काही वाटा गेजचा, कारण एकाच माणसानं तोच जॉब पुन्हा मोजला तरी काटा जरा हलतो. आणि काही वाटा माणसामाणसातल्या फरकाचा. मोजण्याचे वाटे लहान आले तर मोजणी खरी. मोठे आले तर माल नव्हे, मोजणाराच तपासायचा. "भाऊबंदकीच की ही," धैर्यशील म्हणाला. तोही इन्स्पेक्शनलाच, जोतीरामाच्या शेजारच्या टेबलावर. सगळे हसले. जोतीराम पँटीला हात पुसत होता.

मग मोजणी झाली. धैर्यशील, दुसऱ्या पाळीचा एक गडी आणि जोतीराम, अशा तिघांनी तेच जॉब सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मोजले. मशिनांचा आवाज एवढा, की प्रियदर्शनी काचेच्या खोलीबाहेर लॅपटॉप घेऊन बसली आणि आतून हे ओरडून आकडे सांगत होते. आमच्याकडं कायम असंच चालतं. "अधिक दोन!" "उणं एक!" अर्ध्या शेडला ऐकू जायचं. एकेक जॉब तिघांच्या हातून फिरायचा, आणि जोतीरामाची पाळी शेवटी, कारण तो वेळ लावतो.

निकालाच्या दिवशी दादांनी मला मालाचा हिशेब घेऊन केबिनमध्ये बोलावलं होतं, म्हणून मी तिथं होतो. तिघंही इन्स्पेक्टर भिंतीला टेकून उभे. प्रियदर्शनीनं फळ्यावर तीन रकाने केले. म्हणाली, ही वाटणी करायच्या पद्धती अनेक आहेत, मी तीन लावून बघितल्या. पहिली जुनी, सगळे कारखाने वापरतात ती, सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळ्यात लहान वजा करून चालते. दुसरी फरकांचे वर्ग करून बेरजा मांडते. तिसरी कॉम्प्युटरची, ती पुन्हा पुन्हा अंदाज सुधारत सगळ्यात शक्य वाटणी शोधते. पहिलीत माणसांचा वाटा शून्य. तिसरीत शून्य. दुसरीत त्या जागी तिनं उण्याची खूण केलेला आकडा लिहिला.

दादांनी टेबलावर हात आपटला. "शून्य! म्हंजे माझी माणसं एक नंबर. पाठवून द्या."

"साहेब, वाटा उणा कसा असेल?" ती म्हणाली. "पहिल्या पद्धतीतही वजाबाकी उणीच आली होती. पण उणं आलं तर शून्य धरा, असा तिचा नियमच आहे. तिसरी शून्याच्या खाली उतरतच नाही. दुसरी एकटीच खरं बोलतेय."

"काय खरं?"

"की हे तिघं एकमेकांशी जितके जुळतात, तितका यांतला एकेक जण स्वतःच्याच सकाळच्या आणि दुपारच्या आकड्यांशी जुळत नाही. योगायोगानं होऊ शकतं असं. पण मला भीती वाटते."

दादांनी तिला हातानंच गप्प केलं. निकाल पास. जोतीरामानं गेटबाहेरच्या गाड्यावर सगळ्यांना भजी चारली. एवढा मोकळा मी त्याला कधी बघितला नव्हता. पण परत येताना गोकुळ शिरगाव ओलांडलं आणि तो माझ्या पाठीशी बोलायला लागला. "अंबादास, मला काटा दिसतच न्हवता रे. त्यांनी वरडल्यालं कानावर आलं, आनि मग मला तसंच दिसलं. म्या चोरलं न्हाय. पर मग ह्ये शून्य कुनाचं?" मी गाडी जोरात घेतली.

त्याच आठवड्यात त्याचा जावई आला. विश्वजित. मुलगी मोना कारखान्याच्या फाटकाशी उभी, हातात पेढ्यांचा डबा, आणि मागं हार घातलेला कोरा करकरीत टेम्पो. भाजी घेऊन गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जायचं, तिकडून मासळी घेऊन चढायचं, असा धंदा ठरलेला. कर्ज मंजूर झालं, गाडी आली, आता पहिला पेढा मामांना. गाडी कुठल्या कंपनीची, ते आम्हाला लांबूनच कळलं होतं. रोज त्याच कंपनीच्या नावाच्या पेट्या मी भरून पाठवतो.

जोतीरामानं पेढा तोंडात घातला आणि गिळलाच नाही. पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून आत बघायला लागला, जणू चाकाच्या आडून कुणी त्याच्याकडं बघतंय.

"मामा, काय शोधतायसा?" विश्वजित हसला.

"घाटात हळू जावा, जावईबापू," तो म्हणाला. "लई हळू जावा." मोनाला वाटलं बापाच्या डोळ्यात आनंदानं पाणी आलं. तिनं पदरानं पुसलं.

इकडं प्रियदर्शनीची झोप उडाली होती. तिनं मला स्टोअरला येऊन सांगितलं, कारण सांगायला तिला दुसरं कुणी नव्हतं. रविवारी ती कबनूरला गेली होती. आई स्वयंपाकघरातून ओरडून विचारत होती, वडील मागावरून ओरडून सांगत होते, आणि धाकट्या बहिणीनं काही न ऐकता वडिलांचंच उत्तर पुन्हा ओरडलं. तिथं तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "काका, चूक माझीच. आमच्या घरी मागांच्या आवाजात ओरडल्याशिवाय भाकरी मिळत नाही. म्हणून ते आकडे ओरडत होते ते मला खटकलंच नाही. तीन माणसं मोजत नव्हती. एक मोजत होता आणि दोघं ऐकत होते." आमच्या मुलखात कुजबुजणं म्हणजे चहाडी. इथं चुका होतात त्यादेखील मोठ्या आवाजात.

तिनं दादांची परवानगी कशी मिळवली कोण जाणे, पण मोजणी पुन्हा लागली. या वेळी जॉबवर नवे क्रमांक, माणूस एकटा आत, दार बंद, तोंड बंद, आकडा कागदावर. मी खिडकीतून बघत होतो. जोतीराम आत गेला. गेज घातला. कोंबडीगत मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून काट्याकडं बघायला लागला, मग दुसऱ्या बाजूनं. आवाजाची सवय झालेल्या माणसाला ती शांतता खायला उठली असणार. एकदा त्यानं मान वर केली आणि काचेतून सरळ माझ्याकडं बघितलं. मला वाटलं तो काहीतरी मागतोय. माझ्याकडं देण्यासारखं काही नव्हतं.

पुन्हा केबिन, पुन्हा फळा. नोकरी नवी असूनही प्रियदर्शनीनं तिन्ही रकाने पुन्हा मांडले. जुन्या पद्धतीनं मोजण्याचा वाटा वाढला होता, पण चालून जाण्याइतका. बाकीच्या दोन पद्धतींत एक नवाच रकाना निघाला होता आणि तो मोठा होता. माणूस आणि जॉब यांच्या जोडीचा वाटा, ती म्हणाली. म्हणजे सगळेच जॉब कुणी चुकीचे वाचत नाही. काही जॉबवर सगळे जुळतात. काही ठराविक जॉबवर, काटा डायलच्या एका भागात गेला की, एकाचं माप एकदम भरकटतं. सरासरीत ते झाकलं जातं. जुन्या पद्धतीत या वाट्याला रकानाच नाही, म्हणून ती पास म्हणते.

तिनं नाव घेतलं नाही. कुणीच घेतलं नाही.

राजवीरदादांनी जुन्या पद्धतीच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "कंपनी जुनी पद्धत मानती न्हवं?"

"मानते, साहेब."

"मग जुन्यानंच पाठवा. वाट्याला रकाना न्हाय तर वाटाबी न्हाय. काय रं, धैर्यशील?"

धैर्यशील छताकडं बघत होता. आणि मला आत कुठंतरी हायसं वाटलं, का नाही वाटणार? माझा मित्र सुटला होता. दुसऱ्यांदा सुटला होता. पद्धतीनंच त्याला सोडलं होतं, कुणी खोटं बोललं नव्हतं. पोरीनं फळा पुसायला डस्टर उचललं.

"दादा," जोतीराम म्हणाला. "पुसू नका. त्यो मी हाय."

"जोतीराम, गप बस."

"मला दिसत न्हाय, दादा. दिवाळीपास्नं. मधल्या रेघा वाकड्या हुत्यात. माझ्या हातनं ग्येलेला माल परत मोजा. सगळा."

"सगळा? अरं, निम्मा गाड्यांना लागला असंल!"

"व्हय," तो म्हणाला, आणि भिंतीवरून घसरत खाली बसला. घोड्यावर न बसलेला हा माणूस. मला त्याचा एवढा राग आला आणि एवढा अभिमान वाटला, की मी त्याला उठवायलाही पुढं झालो नाही. प्रियदर्शनी झाली.

दादांनी आरडाओरडा केला, मग केबिनचं दार लावून घेतलं, मग बाहेर येऊन माल मोजायला सांगितला. गोदामातल्या पेट्या फोडल्या. पुष्कळ जॉब ठीक निघाले. पण नापास मालाच्या लाल ट्रेमध्येही एकेक पडत गेला, आणि प्रत्येक जॉब पडल्याचा टण्ण आवाज जोतीराम बाहेर बाकावर बसून ऐकत होता. कंपनीला कळवलं, तिच्याकडच्या पेट्या परत आल्या. जे गाड्यांना लागले होते ते सर्व्हिसिंगला आल्यावर तपासू, असं उत्तर आलं. जोतीरामाला दादांनी काढलं नाही, पॅकिंगला टाकलं. शिव्या देत टाकलं, पण टाकलं. त्या शिव्यांत भीती होती, मी ओळखतो.

आणि त्यानं सुई घेतली. मी बरोबर होतो. आत नेताना माझा हात सोडेना, शेवटी नर्सनं सोडवला. बाहेर आला तेव्हा उजव्या डोळ्यावर पट्टी आणि मला म्हणाला, "काय न्हाय रे. वरातीपेक्षा सोपं."

विश्वजितच्या टेम्पोचं मात्र तो सर्व्हिसिंगपर्यंत थांबायला तयार नव्हता. दोनच दिवसांत, डोळा अजून लालभडक असताना, आम्ही उचगावात एका ओळखीच्या मिस्त्रीकडं गाडी नेली. जावयाला सगळं सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्या बिचाऱ्यानं गाडी घाटात नेली नव्हती, दारात उभी होती. मोना लांब एका टायरवर बसून होती. मिस्त्रीनं चाक उतरवलं, ड्रम ओढला, पुसून सिलिंडर उघडं केलं.

"अंबादास, तू बघ," जोतीराम म्हणाला. "मला वाचता याचं न्हाय. खूण कुनाची हाय?"

मी वाकलो. प्रत्येक कारखान्याची आपली खूण ओतकामातच असते. आमची मी झोपेत ओळखीन. मी बोटानं तेल पुसलं, पुन्हा बघितलं, मोबाइलचा दिवा लावून बघितलं. ती आमची नव्हती. कंपनी दोन-तीन ठिकाणांहून माल घेते, हा दुसऱ्याच कुणाचा होता. चारही चाकं उघडायला लावली. एकातही आमची खूण नव्हती.

"आपला न्हाय!" मी ओरडलो. "एकबी न्हाय!"

मोना उठून रडायलाच लागली. विश्वजितनं मला मिठी मारली, मग मिस्त्रीला मारली, त्याच्या अंगाच्या ग्रीससकट. "मामा, ऐकलंत न्हवं? तुमचा न्हाय! चला, आता घाटात बिनघोर जातो."

जोतीराम उठला नाही. उघड्या ड्रमसमोर तसाच उकिडवा बसला होता, लाल डोळा हातानं झाकून. पुढं महामार्गावरून गाड्या जात होत्या, आणि पुढच्या चौकात त्यांचे ब्रेक लागल्याचा आवाज येत होता, एकामागून एक. प्रत्येक आवाजाला त्याची मान तिकडं वळत होती.

"म्हंजे माझा," तो म्हणाला, "दुसऱ्या कुनाच्या तरी जावयाच्या गाडीत हाय."

मिस्त्री चाक परत बसवायला लागला. मोनानं डोळे पुसून बापाला उठवायला हात पुढं केला.